कास्दूला कोण बोलावतं?

पाक कास्दू, म्हणजे आमचे कास्दूकाका, माझ्या टपरीवर रस्त्याकडे पाठ करून कधीच बसले नाहीत. बाकाच्या टोकाला, भिंतीला टेकून बसायचे, म्हणजे चौकातून येणारा आणि कारखान्याकडून येणारा, दोघेही दिसतील असे. चहा पुढे ठेवला की आधी त्याचा वास घ्यायचे. बावीस वर्षं मीच त्यांना चहा देत होते, तरी घ्यायचे. एकदा मी म्हटलं, पाक, विष घालायचं असतं तर इतकी वर्षं कशाला थांबले असते? मला सगळे ताई या अर्थाने यू म्हणतात, तसंच म्हणत ते म्हणाले, "यू मुर्जी, थांबणाऱ्या माणसांवरच जास्त नजर ठेवावी लागते."

आणि या माणसाचं पोट भरायचं ते पोरांना हसवून.

त्यांचे वडील बैलगाडीची चाकं करायचे. चाकातून उरलेल्या लाकडाचा त्यांनी हातभर उंचीचा एक बाहुला कोरला. पोट सुटलेलं, कान मोठे, आणि एक भुवई दुसरीपेक्षा वर चढलेली, त्यामुळे तो कायम कुणाला तरी जाब विचारतोय असं वाटायचं. नाव ठेवलं गेम्बुस. सोयाबीनच्या चोथ्याच्या त्या स्वस्त वड्या असतात ना, त्यांच्या घरी तेव्हा दुसरं काही परवडत नव्हतं, त्यावरून. कास्दू आठ-नऊ वर्षांचे असल्यापासून त्या बाहुल्याला बोलतं करू लागले. मोठेपणी तोच धंदा झाला. सुंतेचे समारंभ, शाळांची स्नेहसंमेलनं, कापणीनंतरची जेवणं, आणि साखर कारखान्याची गाळपाआधीची जत्रा. मीही लहानपणी त्या जत्रेत मातीत बसून गेम्बुस पाहिलेला आहे. हसून हसून माझ्या भावाने चड्डी ओली केली होती. तो आता ग्रामपंचायतीत कारकून आहे, त्याला हे आठवत नाही म्हणतो.

तेव्हा कास्दू एकटे नसत. शेजारी मांडी घालून त्रुबुस नावाचा ढोलवाला बसायचा. ढोल नुसता साथीला नव्हता, बोलायचा. त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट सात कुलुपांची. गेम्बुसला कुणीतरी भाताचा गोड वडा देतं, आणि तो कुणी खाईल या भीतीने गेम्बुस तो पेटीत घालून सात कुलुपं लावतो. मग एकेकाला पकडून विचारतो, तू खाल्लास? शेवटी ढोलालाच विचारतो. ढोल म्हणतो, "तक." म्हणजे नाही. गेम्बुस परत विचारतो. ढोल परत "तक". तिसऱ्यांदा विचारलं की ढोल इतका चिडतो, इतका चिडतो, की पोरं एकमेकांच्या अंगावर लोळायची. त्रुबुस दोन बोटांनी त्या कातड्यातून चिडका, रडका, लाजरा, कसलाही आवाज काढायचा. ही गोष्ट पंधरा वर्षं चालली.

मग शहाऐंशी सालच्या जत्रेत, खेळाच्या दिवशी सकाळी, गेम्बुस पेटीत नव्हता.

मी तेव्हा लग्न होऊन याच गावात आले होते, त्यामुळे पुढचं डोळ्यांनी पाहिलं. कास्दू जत्रेच्या मधोमध उभे राहिले, समोर तीनशे माणसं, आणि त्रुबुसकडे बोट करून म्हणाले की बाहुला यानेच घेतला. पुरावा काही नव्हता. त्रुबुस हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. ढोल खांद्याला लावला आणि बसस्टँडकडे चालता झाला. त्यानंतर तो या भागात दिसला नाही. इकडे लोक त्याला चोर म्हणू लागले, आणि अधूनमधून कुणी त्याच्या बाजूने बोललं की कास्दू महिनाभर त्या माणसाशी बोलत नसत.

कास्दूंनी स्वतः दुसरा गेम्बुस कोरला. चांगला होता, पण त्यांना पटला नाही. पोरं हसली की ते बाहुल्याच्या भुवईकडे बघायचे. म्हणायचे, पोरांना कळतंय की हा तो नव्हे. मी म्हणायचे, पाक, ही पोरं तेव्हा जन्मली पण नव्हती. ते म्हणायचे, तरी कळतं. सात कुलुपांची गोष्ट मात्र त्यांनी परत कधी केली नाही. ढोलाशिवाय ती होतही नव्हती.

पुढे घरोघरी टीव्ही आला. मग वाढदिवसांना शहरातून कापडी कार्टूनं चढवलेली माणसं येऊ लागली, मोठा स्पीकर लावून नाचायची. कास्दूंना वर्षाला दोन आमंत्रणं, मग एक, मग तीन वर्षं एकही नाही. ते दिवसभर केळीच्या पानांचे द्रोण करून बाजारात द्यायचे. बायको, बू सागिनेम, पेटीवरची धूळ पुसायची. ती पुसत असताना ते दारात उभे राहायचे.

आणि मग दोन हजार सोळा साली, त्यांच्या वयाच्या एक्काहत्तराव्या वर्षी, आमंत्रणं सुरू झाली.

पहिलं आलं चावसच्या बालवाडीतून. बाई स्वतः स्कूटरवरून आल्या. पंधरा दिवसांत पेडानचा एक सुंतेचा समारंभ. मग वेदीच्या वाचनालयाचं. महिन्याभरात पाच. दुसरा कुणी असता तर नवा सदरा शिवला असता. पाक कास्दू माझ्या बाकावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "यामागे कुणीतरी आहे."

प्रत्येकाला ते विचारायचे, तुम्हाला माझं नाव कुणी सांगितलं? चावसच्या बाई म्हणाल्या, पालकांकडून कळलं. पालक म्हणाले, पोरांकडून कळलं. वेदीच्या वाचनालयातला मुलगा म्हणाला, फोनवर कुणीतरी पाठवलं होतं. हे कुणीतरी कोण, ते कुणाला सांगता येईना, आणि जितकं सांगता येईना तितका कास्दूंचा संशय घट्ट होत गेला.

पहिला संशय सरपंचकीला उभ्या राहिलेल्या सुमार्लानवर. निवडणूक जवळ आली होती, तर हा माणूस म्हाताऱ्यांची मतं गोळा करतोय, असा हिशेब. कास्दू थेट त्याच्या घरी गेले. सुमार्लानने त्यांना बघून आधी पाणी मागवलं, स्वतःसाठी. त्याला वाटत होतं की पाक कास्दू कधीच वारले.

दुसरा संशय पोटच्या पोरीवर. वुर्यानी सोलो शहरात शाळेत नोकरी करते. ती ओळखीपाळखीच्या बायांना सांगून, बापाची कीव करून हे सगळं घडवतेय, असं त्यांनी ठरवलं, आणि फोन करून विचारलंही. वुर्यानी आठ दिवस बोलली नाही. बू सागिनेम एरवी शांत बाई, पण त्या दिवशी माझ्या टपरीवर येऊन माझ्यासमोर नवऱ्याला पाकने, म्हणजे पोरीचे बाबा, अशी हाक मारून म्हणाली, "तुम्हाला बोलावत नव्हते तेव्हा तुम्ही जेवत नव्हतात. आता बोलावतात तरी जेवत नाही. मी कोणत्या दिवशी भात शिजवायचा ते तरी सांगा."

कास्दू म्हणाले, "शिजव. पण कीव असेल तर मी जाणार नाही."

मग त्यांनी एक परीक्षा घेतली. ती मला अजून आठवते कारण तशी परीक्षा दुसऱ्या कुणाला सुचली नसती. पेडानच्या समारंभात त्यांनी एक विनोद मुद्दाम उलटा सांगितला. शेवट आधी आणि सुरुवात मागून. मोठी माणसं हसली. पोरांपैकी एकही हसलं नाही. पुढच्या रांगेतला एक मुलगा आजोबांना म्हणतात तसं मोठ्याने म्हणाला, "म्बाह चुकले." मग कास्दूंनी तोच विनोद सरळ सांगितला, तर पोरं अशी हसली की यजमानांच्या घरातली कोंबडी खुराड्यातून उडाली.

परत आल्यावर त्यांचा चेहरा आणखीच गंभीर. म्हणाले, "यू, पोरं खरी आहेत. मोठ्यांसारखं मन राखायला हसत नाहीत. म्हणजे गेम्बुस त्यांना खरंच आवडतो."

"मग झालं की," मी म्हटलं.

"झालं कसं? पोरं खरी आहेत, तर खोटं कोण आहे?"

मी तळणात लक्ष घातलं.

गाठ सुटली ती जुविरिंगच्या बाजूला, एका बालवाडीत. तिथून खेळ करून कास्दू दुपारी परत आले ते घरी न जाता सरळ माझ्याकडे. पेटी मांडीवर घेऊन बसले. चहाचा वास घेतला नाही, चहाकडे बघितलंच नाही. झालं होतं असं. खेळ संपला तेव्हा एका पाच वर्षांच्या मुलीने हात वर करून विचारलं होतं, सात कुलुपांची गोष्ट का नाही केली? कास्दूंनी विचारलं, ती तुला कशी माहीत? ती म्हणाली, सगळ्यांना माहीत आहे. आणि तुमचा ढोल कुठे आहे? फाटकाजवळच्या आजोबांचा ढोल तर बोलतो.

फाटकाजवळचे आजोबा कोण, ते त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ती गोष्ट तीस वर्षांत कुणी केलेली नव्हती, आणि त्या गोष्टीतल्या ढोलाला बोलायला शिकवणारा माणूस जगात एकच होता.

"तो जिवंत आहे," कास्दू म्हणाले. "आणि माझी गोष्ट वापरतोय. आता कळलं. मला पुढे करून त्याला काहीतरी साधायचं आहे."

मी विचारलं, काय साधायचं असेल? ते म्हणाले की तेच बघायला जायचं आहे, आणि जाताना साक्षीदार हवा. सागिनेमने साफ नाही म्हटलं. तीस वर्षं ही कटकट ऐकली, आता बघायलाही येऊ का, म्हणाली. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरी बंद ठेवली, आणि आम्ही मिनीबसने जुविरिंगला गेलो. पेटी त्यांच्या मांडीवर. ती घरी का ठेवली नाही असं मी विचारलंही नाही.

बालवाडीच्या फाटकाला लागून एक छोटं घर, पुढे ओटा. ओट्यावर वेताच्या खुर्चीत त्रुबुस बसला होता. मी त्याला ओळखलं नसतं. उजवी बाजू पूर्ण गेलेली, तो हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, तोंड एका बाजूला ओढलेलं. डाव्या हाताशी बिस्किटांचा रिकामा डबा. त्याने आम्हाला बघितलं, आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. मग जड जिभेने, थोरल्या भावाला मारतात तशी हाक मारून म्हणाला, "कांग. ये, बस. ही कोण?"

"साक्षीदार," कास्दू म्हणाले.

त्रुबुसची मुलगी चहा घेऊन आली. कास्दूंनी कप हातात धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी आधी एक घोट घेतला. तेव्हा कुठे त्यांनी कप तोंडाला लावला. त्रुबुसच्या ते लक्षात आलं. त्याच्या तोंडाची चांगली बाजू जरा हलली.

कास्दू इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. विचारलं, ही आमंत्रणं तू पाठवतोस का? त्रुबुस म्हणाला की पाठवत कुणी नाही. झटका आल्यापासून तो इथे बसतो. पोरं आयांची वाट बघत फाटकाशी उभी असतात, रडतात, मारामाऱ्या करतात. म्हणून त्याने एक दिवस डब्यावर डाव्या हाताने ढोलाची गोष्ट सांगितली. मग ती रोज मागू लागली. मग म्हणाली, गेम्बुस दाखव. तो म्हणाला, गेम्बुस माझ्याकडे नाही, कास्दूकडे आहे, अमुक गावी. पोरं घरी जाऊन आयांच्या मागे लागली. एका बालवाडीच्या बाई दुसऱ्या बालवाडीच्या बाईंची बहीण निघाली. बाकी त्याने काही केलेलं नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

कास्दूंनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बुस, गेम्बुस तू घेतला होतास का?"

मला वाटलं आता तो रागावेल, आपण उठून जाऊ. त्रुबुसने डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हो," तो म्हणाला. "मीच घेतला होता."

कास्दू उभे राहिले. मग परत बसले. त्यांचे हात पेटीवर होते, ते पेटीला घट्ट धरून राहिले. मला वाटलं होतं की तीस वर्षांनी खरे ठरल्यावर माणूस निदान माझ्याकडे तरी बघेल, बघ म्हणून. त्यांनी बघितलं नाही.

"का?" एवढंच विचारलं.

त्रुबुसला बोलायला वेळ लागत होता, आणि आम्ही थांबत होतो. तो म्हणाला की आदल्या संध्याकाळी कारखान्याच्या भिंतीवर जत्रेची पाटी रंगवली होती. त्यावर कास्दूचं नाव होतं, गेम्बुसचं चित्र होतं. ढोलाचं चित्रसुद्धा नव्हतं. "पंधरा वर्षं तो ढोल बोलला, कांग. एकाही पोराला माझं नाव ठाऊक नव्हतं. मला वाटलं, एक दिवस गेम्बुस नसू दे. बघू तरी पोरं कुणाला हाका मारतात. संध्याकाळी परत ठेवणार होतो. तू सगळ्यांसमोर बोट केलंस. एकट्याला बाजूला घेऊन विचारलं असतंस तर तेव्हाच दिला असता."

"एकट्याला विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास."

त्रुबुसने विचार केला. "तेही खरं आहे," तो म्हणाला.

"कुठे आहे तो?"

बाहुला त्याने सदऱ्याच्या आत लपवून नेला होता. पुलावरून नदीत टाकायचा असं ठरवून योग्या शहराच्या बसमध्ये चढला. बसमध्ये एका बाईच्या मांडीवर एक लहान मूल रडत होतं, कशानेच थांबेना, लोक वैतागले होते. त्रुबुसने बाहुला काढला आणि गेम्बुसच्या आवाजात त्याला विचारलं, माझा वडा तू खाल्लास? मूल गप्प झालं. मग हसलं. मग बाहुल्याचा कान धरला तो सोडेचना. बाई प्रांबाननला उतरली तेव्हा मूल झोपलेलं होतं आणि कान त्याच्या मुठीत होता. त्रुबुसने बाहुला जाऊ दिला. कोण बाई, कुठली, काही माहीत नाही.

"माझ्या आवाजात बोललास?" कास्दूंनी विचारलं.

"त्याला दुसरा आवाज कुठे आहे?"

यावर कास्दूंनी मान खाली घातली. मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग ते जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की तू घेतलास. आणि घरी आलो की वाटायचं, समजा नसेल घेतला तर? सागिनेमला विचार. पाण्याचा पेला हातात घेऊन बसायचो. तू एक चिठ्ठी टाकली असतीस, की हो, मी चोर आहे, तर मला झोप लागली असती."

त्रुबुस म्हणाला, "चिठ्ठीत तसं लिहायला कुणाला आवडतं, कांग?"

तेवढ्यात बालवाडी सुटली. पोरं फाटकातून बाहेर आली आणि सवयीने सरळ ओट्याकडे. पण आज तिथे पेटी होती. त्या हात वर करणाऱ्या मुलीने कास्दूंना ओळखलं आणि बाकीच्यांना सांगितलं. पाच मिनिटांत वीस-बावीस पोरं मातीत बसली. कुणाला काही विचारलं नाही, खेळ होणार हे त्यांनी ठरवूनच टाकलं. आया येऊन उभ्या राहिल्या.

कास्दूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला टपरी बंद ठेवून उशीर झालाच आहे.

त्यांनी गेम्बुस काढला. वडा पेटीत गेला, सात कुलुपं लागली. शेजाऱ्याला विचारून झालं, कोंबडीला विचारून झालं. मग गेम्बुस हळूहळू त्रुबुसच्या डब्याकडे वळला.

"तू खाल्लास?"

त्रुबुसने डाव्या बोटाने पत्र्यावर टिचकी मारली. "तक."

पोरं खिदळली. गेम्बुसने परत विचारलं. परत "तक". तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या बिस्किटाच्या डब्यातून जो आवाज निघाला तो पूर्वीसारखा अजिबात नव्हता. एका हाताचा, पत्र्याचा, मध्येच अडखळणारा. पण चिडका होता. पोरं मागे पडून हसत होती, एक तर माझ्या पायावर येऊन पडलं. आयासुद्धा हसत होत्या. आणि कास्दू बाहुल्याच्या आडून सगळा वेळ त्रुबुसकडे बघत होते, आता हा काय करेल अशा नजरेने.

परत येताना मिनीबसमध्ये मी विचारलं, आता तरी पटलं का? ते म्हणाले, "चोर होता हे पटलं."

त्यानंतर दर गुरुवारी ते जुविरिंगला जाऊ लागले. माफ केलं असं कधी म्हणाले नाहीत, आणि त्रुबुसनेही माफी मागितली नाही. सागिनेम सांगायची, तिथे जाऊन दोघे भांडतात, कुठल्या साली कुठल्या गावी कुणी आधी चूक केली यावरून. वुर्यानीला कास्दूंनी फोन केला, काय बोलले माहीत नाही, पण ती पुढच्या सुट्टीत आली. आमंत्रणं वाढली. चावसच्या एका पाटीवर मी स्वतः पाहिलं, दोघांची नावं होती, त्रुबुसचं वर. कास्दूंनी रंगाऱ्याला तसं सांगितलं होतं म्हणे. मी विचारलं तर म्हणाले, नाव वर असलं की माणूस नजरेसमोर राहतो.

दीड वर्षाने त्रुबुसला दुसरा झटका आला. दफन दुपारी होतं. मी आणि सागिनेम गेलो, कास्दू आमच्या आधीच पोहोचले होते. त्यांनी खांदा दिला, माती टाकली, आणि मग मागे, सगळ्यांपासून लांब, फणसाच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. बालवाडीच्या बाई पोरांना रांगेत घेऊन आल्या होत्या. पोरं त्रुबुसला नावाने ओळखत होती, म्बाह त्रुबुस म्हणत होती. कास्दूंनी ते ऐकलं.

गावातल्या एका म्हाताऱ्याने त्यांना विचारलं, की तुम्ही मयताचे कोण?

कास्दूंनी त्या माणसाला वरून खालपर्यंत बघून घेतलं. मग म्हणाले, "आम्ही एकत्र काम करायचो."

दुसऱ्या दिवशी वेदीला सुंतेचा कार्यक्रम होता. सागिनेम म्हणाली, नका जाऊ. ते पेटी घेऊन गेले.